विश्लेषण : पगारातून कापले जाणारे २०० रुपये आणि गावात काम मागण्याचा हक्क… कोण होते वि. स. पागे?

डोणगाव (ता. मेहकर, जि. बुलढाणा) : सोयाबीन निघाले, तूर घरात आली, हरभऱ्याची सोंगणी आटोपली की कोरडवाहू शेतीत मजुराच्या हाताला काम उरत नाही. पुढचा पाऊस जूनमध्ये. मधले तीन-चार महिने काय करायचे, हा प्रश्न डोणगावसारख्या गावांत दरवर्षी उभा राहतो. काही जण पुणे-मुंबई गाठतात, काही सुरतेला जातात. जे जाऊ शकत नाहीत, ते गावातच थांबतात. गावात थांबलेल्या या माणसाला सरकारकडे काम मागता येते आणि सरकारला ते द्यावे लागते, असा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने केला. या कायद्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. ते ना मुख्यमंत्री होते, ना मंत्री. त्यांनी ही योजना कशी मांडली, तिच्यासाठी पैसा कुठून आला आणि ती कुठे अडखळली, हे समजून घेऊ.

वि. स. पागे कोण होते?

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील बागणी येथे झाला. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. स्वातंत्र्यलढ्यात उतरून तुरुंगवास भोगला. विचाराने ते गांधीवादी होते आणि संतसाहित्याचे अभ्यासक म्हणूनही ओळखले जात. तासगाव तालुक्यातील विसापूर ही त्यांची कर्मभूमी. पाऊस कमी, जमीन हलकी आणि विहिरीला पाणी असेल तरच पीक, असा हा पट्टा. बुलढाण्याच्या वाचकाला या भागाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी पागे विधान परिषदेचे सभापती झाले. ते १९७८ पर्यंत, म्हणजे सलग १८ वर्षे, या पदावर होते. सभापतीचे काम सभागृह चालवण्याचे. त्याच्याकडे कोणतेही खाते नसते, अंदाजपत्रक नसते आणि तो एकाही तहसीलदाराला आदेश देऊ शकत नाही. सभागृहातील वादातही तो उतरत नाही. योजना राबवण्याची कोणतीही सत्ता हातात नसताना पागे यांनी राज्याची सर्वात मोठी ग्रामीण योजना मांडली आणि ती मान्य करून घेतली. विधिमंडळाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला आज त्यांचेच नाव आहे.

योजनेची कल्पना सुचली कशी?

याबद्दल एक प्रसंग महाराष्ट्रात नेहमी सांगितला जातो. १९६०च्या दशकात पागे विसापूरला गेले असताना गावातले मजूर काम मागायला त्यांच्याकडे आले. पागे यांनी तेव्हा पत्नीला विचारले, की आपल्या शेतात काही शे रुपये मजुरीवर खर्च केले तर किती माणसांना किती दिवस काम मिळेल? शेती सांभाळणाऱ्या बाईंनी लगेच हिशेब सांगितला. मग पागे यांनी तोच हिशेब गावासाठी, तालुक्यासाठी आणि शेवटी राज्यासाठी मांडला आणि तो मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापर्यंत पोहोचवला.

हिशेब साधाच आहे. उदाहरणादाखल, दिवसाची मजुरी ३ रुपये धरली तर ६०० रुपयांत १० माणसांना २० दिवस काम देता येते. गावात अशी किती माणसे आहेत आणि वर्षातले किती दिवस ती रिकामी असतात, हे कळले की लागणारी रक्कम ठरते. बेकारी हा आकड्यात बसणारच नाही इतका मोठा प्रश्न आहे, असे तोवर मानले जायचे. पागे यांनी तो मोजता येतो, हे दाखवले. मोजता आला म्हणजे त्यासाठी तरतूदही करता येते.

हिशेबाला दुसरी बाजूही होती. मजुरीवर खर्च केलेल्या पैशातून शेतात बांध, विहीर किंवा ताल उभी राहत असेल, तर तो पैसा वाया जात नाही. पुढच्या वर्षी त्याच जमिनीत जास्त पिकते आणि तिथे कामही जास्त लागते. म्हणजे आज सरकारने दिलेले काम उद्या शेती स्वतःच देऊ लागेल, अशी ती मांडणी होती.

तासगावचा प्रयोग काय होता?

१९६९ मध्ये तासगाव तालुक्यातील ११ गावांत ही कल्पना प्रत्यक्षात आजमावण्यात आली. सरकारी कामांची पद्धत तोवर उलटी होती. आधी काम ठरायचे, मग निधी यायचा आणि त्यासाठी लागतील तेवढे मजूर बोलावले जायचे. इथे आधी मजूर मोजायचे, मग त्यांना पुरतील एवढी कामे शोधायची, असा क्रम ठरला.

याच सुमारास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ देशातील दारिद्र्याचा अभ्यास करत होते. १९७१ मध्ये आलेल्या त्यांच्या मांडणीनेही गरिबांसाठी ग्रामीण सार्वजनिक कामांचा आग्रह धरला. अभ्यासक आकडेवारीवरून ज्या निष्कर्षाला आले, त्याच निष्कर्षाला पागे बांधावरून पोहोचले होते.

१९७२च्या दुष्काळाने काय बदलले?

१९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. त्याच वर्षी पाऊस रुसला आणि महाराष्ट्राच्या आठवणीतला सर्वात भीषण दुष्काळ पडला. मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे हे शब्द आजही जुनी माणसे काढतात. नव्या योजनेऐवजी त्या काळात दुष्काळी कामांनीच सगळी यंत्रणा व्यापली. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती.

एवढ्या मोठ्या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा तपशीलवार अभ्यास केला. लोकांच्या हातात मजुरी असल्यामुळे त्यांना धान्य विकत घेता आले, हे त्यातून ठळकपणे समोर आले. दुष्काळात बाजारातले धान्य कमी होते, पण त्याआधी माणसाच्या खिशातला पैसा संपतो. रोजगाराचे काम हा पैसा पुन्हा खिशात आणते.

दुष्काळाने दोन गोष्टी सिद्ध केल्या. एवढ्या लोकांना काम देणे प्रशासनाला जमते, ही पहिली. जगण्याची वेळ आली की लोक उन्हातान्हात खडी फोडायलाही येतात, म्हणजे गरज खरी आहे, ही दुसरी. दुष्काळ ओसरल्यावर भूमिहीन मजुरांच्या संघटना आणि डाव्या पक्षांनी कामाच्या मागणीसाठी मोर्चे काढले. कामे बंद करू नका, अशी ती मागणी होती. १९७४ पासून रोजगार हमीची घडी पुन्हा बसू लागली.

दुष्काळी काम आणि हमीचे काम यात फरक काय?

पागे यांच्या विचाराचा गाभा या फरकात आहे. दुष्काळी कामे ब्रिटिश काळापासून होती. पण ती कधी सुरू करायची, हे सरकार ठरवायचे. आधी पैसेवारी काढायची, मग दुष्काळ जाहीर व्हायचा आणि त्यानंतर कामे निघायची. पैसेवारी ५० पैशांच्या वर लागली की आपल्या गावाचे काय होते, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे.

हमीत हा निर्णय मजुराकडे येतो. दुष्काळ जाहीर झाला की नाही, हे पाहायचे नाही. पाऊस चांगला झाला असेल तरी चालेल. माझ्याकडे काम नाही, मी अंगमेहनत करायला तयार आहे, एवढे मजुराने सांगितले की पुरे. गरीब कोण, याची यादीही लागत नाही. उन्हात माती उचलायला येतो त्याला कामाची गरज आहे, असे समजायचे. ज्याला गरज नाही, तो येतच नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर लाभार्थी निवडण्याचे काम योजनेची रचनाच करते. दाखला आणि शिफारशीची पायरी त्यामुळे उडते.

पैसा कुठून आला?

हमी द्यायची तर निधी कायमस्वरूपी हवा. एका वर्षी तरतूद आहे आणि पुढच्या वर्षी नाही, असे चालत नाही. म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लागू केला. नोकरदार, व्यापारी आणि वकील-डॉक्टरांसारखे व्यावसायिक यांनी हा कर भरायचा. त्याच्या जोडीला इतर काही करांतला वाटा आला आणि जमा झालेल्या रकमेएवढीच रक्कम राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असे ठरले.

पुण्यात किंवा मुंबईत नोकरी करणाऱ्या कुणाचीही सॅलरी स्लिप उघडून पाहा. ‘पीटी’ नावाने महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. वर्षाला २,५०० रुपये. राज्यघटनेने या कराला घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. हिंजवडीतल्या कंपनीत बसलेल्या मेहकर तालुक्यातल्या मुलाच्या पगारातून कापली जाणारी ही रक्कम मुळात त्याच्याच गावातल्या मजुरासाठी सुरू झाली होती, हे बहुतेकांना माहीत नसते. ज्याची नोकरी पक्की आहे, त्याने बिनकामाच्या माणसाच्या कामाचा खर्च उचलायचा, हे त्यामागचे तत्त्व.

यामागे राजकीय व्यवहारही होता. पैसा मुख्यतः शहरातून आला आणि कामे गावात झाली. बांध, पाझर तलाव, विहिरी या जमीनवाल्यांच्या उपयोगाच्या. मजुरांना मजुरी मिळाली, शेतकऱ्यांना पाणी मिळाले आणि शहरांकडे येणारे लोंढेही काही प्रमाणात थांबतील, अशी शहरांची अपेक्षा होती. सगळ्यांचे थोडे थोडे हित सांभाळले गेले, म्हणून योजनेला फारसा विरोध झाला नाही.

कायद्यात काय होते?

योजना सरकारच्या मर्जीवर असते. सरकार बदलले की ती गुंडाळता येते. म्हणून तिचा कायदा व्हायला हवा होता. १९७७ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळाने एकमताने मंजूर केला. तेव्हा पागे विधान परिषदेच्या सभापतिपदी होते. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २६ जानेवारी १९७९ पासून कायदा लागू झाला. तोवर शरद पवार मुख्यमंत्री झाले होते आणि पागे पदावरून उतरले होते. चार-पाच वर्षांत मुख्यमंत्री बदलत गेले, पक्षांची फाटाफूट झाली, पण हमी कायम राहिली.

कायद्यातील मुख्य तरतुदी अशा होत्या :

- ग्रामीण भागातील कोणतीही प्रौढ व्यक्ती अकुशल अंगमेहनतीचे काम मागू शकते.
- मागणीनंतर १५ दिवसांत काम द्यायचे. ते देता आले नाही तर बेकारभत्ता द्यायचा. सुरुवातीला तो दिवसाला किमान १ रुपया होता.
- स्त्री आणि पुरुष यांना एकाच कामाचा एकच दर.
- खर्चातील किमान ६० टक्के वाटा मजुरीचा. ठेकेदाराला थारा नाही.
- कामे उत्पादक हवीत. जलसंधारण, मृदसंधारण, पाटबंधारे आणि रस्ते यांना प्राधान्य.
- कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत येतो, त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. महाराष्ट्राच्या कायद्याने तो ग्रामीण भागापुरता प्रत्यक्षात आणला. समान दर आणि पाळण्याची सोय यामुळे बायका मोठ्या संख्येने कामावर आल्या. अनेक कामांवर त्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त होत्या. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावाने नव्हे, तर स्वतःच्या नावावर हजेरीपटात नोंद आणि हातात मजुरी, हा अनुभव अनेकींसाठी पहिलाच होता.

योजना कुठे अडखळली?

हजेरीपटावर खोटी नावे चढणे, मजुरी आठवडेच्या आठवडे रखडणे, मोजमाप कमी दाखवणे, कामे अर्धवट सोडणे या तक्रारी सुरुवातीपासून होत्या. मुरूम टाकून केलेला रस्ता पहिल्या पावसात वाहून जायचा. पाझर तलाव कुठे घ्यायचा, यात जमिनीच्या उतारापेक्षा पुढाऱ्याचे वजन जास्त मोजले जायचे. खडी फोडून ढीग तर लागले, पण त्यातून कायमचे काही उभे राहिले नाही, ही टीका दुष्काळी कामांवर झाली आणि हमीच्या कामांनाही ती चिकटली.

दुसरा मुद्दा लाभाचा. भूमिहीन मजुराने बांधलेल्या बांधाचे पाणी जमीनमालकाच्या विहिरीला लागते. मजुराला त्या दिवसाची मजुरी मिळते, पण पुढच्या दहा वर्षांचा फायदा त्याच्याकडे येत नाही. पागे यांच्या मूळ हिशेबात शेतीत काम वाढले की मजुरालाही ते मिळेल, असे गृहीत होते. ते काही ठिकाणी खरे ठरले, सगळीकडे नाही.

तिसरा मुद्दा मजुरीच्या दराचा. १९८८ मध्ये किमान वेतनासोबत रोजगार हमीची मजुरीही दुप्पट झाली. मजुराच्या दृष्टीने हा विजय होता. पण त्यानंतर कामावरची उपस्थिती वाढण्याऐवजी घटली. मागणी कमी झाली, असे अभ्यासकांना आढळले नाही. कामे उघडण्याचे प्रमाण घटले होते. कागदावर हमी असूनही प्रत्यक्षात मागेल त्याला काम, ही स्थिती राहिली नाही. बेकारभत्ता तर फार थोड्यांच्या हाती पडला. कारण तो मिळवायचा तर काम लेखी मागितल्याचा पुरावा लागतो आणि पोच देण्याची टाळाटाळ व्हायची. काम मागितल्याची नोंदच नसेल, तर ते नाकारल्याचीही नोंद होत नाही. कायद्यातली ही सर्वात मोठी फट होती.

पागे यांच्यानंतर काय झाले?

१६ मार्च १९९० रोजी पागे यांचे निधन झाले. त्याच वर्षी राज्याने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात झाडे लावायची आणि खड्डे खणण्यापासूनच्या मजुरीचा खर्च योजनेतून करायचा. राज्यात आंबा, डाळिंब, संत्रा, सीताफळ, बोर यांच्या बागा वाढल्या, त्यात या योजनेचा मोठा वाटा आहे. मजुरीतून टिकाऊ मालमत्ता, हा विसापूरचा हिशेब इथे बऱ्याच अंशी जमला.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा मंजूर केला. त्याचा पाया महाराष्ट्राच्या अनुभवावर होता. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत सुरुवात झाली आणि एप्रिल २००८ पासून देशातील सर्व ग्रामीण जिल्हे त्यात आले. २००९ मध्ये या योजनेला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. केंद्राच्या कायद्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची मर्यादा होती. महाराष्ट्राच्या १९७७च्या कायद्यात अशी मर्यादा नव्हती. म्हणून राज्याने आपला कायदा मोडीत न काढता त्यात सुधारणा केली आणि १०० दिवसांपुढच्या कामाचा भार स्वतःकडे ठेवला.

आज डोणगावच्या मजुराला याचा उपयोग काय?

गेल्या ५० वर्षांत गाव बदलले. सोयाबीन मळणीला यंत्र आले, खोदाईला जेसीबी आला, मजुरी बँक खात्यात जमा होऊ लागली, हजेरी मोबाइलवर गेली. उन्हाळ्यातले रिकामे महिने मात्र तसेच आहेत. मधल्या काळात शिकलेल्या तरुणांची नवी रांग उभी राहिली. तिला माती उचलण्याचे काम नको आहे आणि तिच्यासाठी हमीचा कायदाही नाही. पागे यांचा हिशेब अकुशल मजुरापुरता होता. पदवीधरासाठी असा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही.

कायद्याची ताकद कुठे आहे, हे मात्र पागे यांच्या मांडणीतून आजही स्पष्ट दिसते. हमीचे चाक मागणीवर फिरते. मजुराने तोंडी विचारले आणि सध्या काम नाही असे उत्तर ऐकून तो परतला, तर कायद्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिला, त्याची तारीख टाकलेली पोच घेतली, की घड्याळ सुरू होते. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम द्यायचे किंवा भत्ता, ही जबाबदारी सरकारची होते.

दुष्काळात सरकार मदत देते, तेव्हा मजूर हात पसरणारा असतो. हमीत तो हक्कदार असतो. सत्तेचे कोणतेही खाते हाती नसलेल्या सभापतीने महाराष्ट्राच्या कायद्यात हा बदल घडवून आणला. डोणगावच्या मजुरासाठी त्याची किंमत एका कागदाच्या तुकड्याएवढी आहे. त्यावर ग्रामपंचायतीचा शिक्का आणि तारीख तेवढी हवी.